चौथी ओळ

फ्लेक्स यायच्या आधीची गोष्ट.
शहापुरात भरमाण्णा पेंटर म्हटलं
की रिक्षावाला थेट पत्र्याच्या शेडपाशी आणून सोडायचा.
मी शिडी धरायचो, डबे ढवळायचो,
त्यांनी काढलेल्या अक्षरांच्या पोटात रंग भरायचो.

वरती कन्नड, खालती मराठी.
कन्नड अनुस्वार म्हणजे अक्षराशेजारचं वाटोळं शून्य,
आपला म्हणजे डोक्यावरचं टिंब.
"शून्य घेरून काढायचं. टिंब एका दमात ठेवायचं.
हात थरथरला की गेलं."
बेचाळीस वर्षांत त्यांचं गेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात खडेबाजारात मिठाईवाल्याची पाटी होती.
दुपारपर्यंत चारदा शिडी उतरले,
चारदा दुकानामागच्या भिंतीपाशी जाऊन आले,
आल्या आल्या तांब्या तोंडाला, घटाघटा.
"ऊन कसलं पडलंय बघ की."
ऊन मलाही तेवढंच लागत होतं.
मागच्या भिंतीच्या बुडाशी काळ्या मुंग्यांची रीघ.
मिठाईचं दुकान, मी मनात म्हटलं,
मुंग्या असणारच.

'कुंदा' लिहिलं.
कन्नड शून्य जागेवर बसलं,
मराठी टिंब मात्र 'दा'च्या डोक्यावर.
मालक हसला. काकांनी चष्मा पुसला,
परत पुसला.
मजुरीवर मिळालेला पावशेर कुंदा
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून संपवला.

पँट ढिली झाली तेव्हा
पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं.
"अंग हलकं झालं, शिडीला बरं."
एकदा अनगोळच्या रस्त्यानं चालत घरी आले,
डांबर वितळलेलं,
एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा,
काकूंनी विचारीपर्यंत त्यांना पत्ताच नाही.
त्या रात्री आम्ही सगळे पोट धरून हसलो.
ते हसू अजून माझ्या तोंडात आहे.

मग कापडी बॅनर आलं.
रविवारी वडगावच्या शाळेत शिबिर,
मधुमेह तपासणी, फुकट,
खाली लक्षणं, दोन्ही भाषांत.
'वारंवार तहान लागणे' एवढं लिहून झालं
आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकून
काका पाणी प्यायला गेले.

मी मागून भरत येत होतो.
भरणारा पोरगा हळू असतो, म्हणून वाचतो.
काढणारा फक्त वळणं बघतो.
चौथी ओळ होती 'जखम लवकर न भरणे'.
'न'च्या दांडीत निळा भरताना
त्यांचा अंगठा दिसला,
पत्र्यानं कापलेला,
रामनवमीपासून तीच चिंधी,
फक्त तिच्यावरचे रंग बदललेले.

"काका, हे तुमचंच लिवलंय."
"अक्षर बघ की लेका. अर्थ गिऱ्हाइकाचा."

बॅनर बांधायच्या निमित्तानं नेलं त्यांना.
टेबलापाशी महादेवी नर्स.
"नीरडिके भाळ आगतैतेनरी?"
तहान फार लागते का, एवढंच विचारलं तिनं,
तर काका माझ्याकडे बघायला लागले,
जणू मीच चुगली केली.
मग हळूच, "हौद्री."

बोटाला सुई टोचली.
टिंब आलं. लाल, गोल,
कित्येक महिन्यांत न जमलेलं, बरोब्बर जागेवर.
यंत्रात आकडा तीनशे शहाऐंशी.
"सक्करे कायिले," असं वहीत बघत पुटपुटली,
मग आमच्या भाषेत,
"साखर हाय काका, लई हाय.
उद्या उपाशीपोटी सिव्हिलला या.
त्या पायाला बी दाखवा.
उशीर केलासा, पर आलासा."

बाहेर येऊन ते बॅनरखाली उभे राहिले.
डोळे बारीक करून
पहिल्यांदाच वाचत होते, गिऱ्हाइकासारखे,
एकेका ओळीला ओठ हलवत.
चौथीपाशी थांबले. बराच वेळ.
बोटावरचा कापूस तसाच दाबून म्हणाले,
"'लवकर'मधला व बारीक झालाय.
शिडी आण."